एका गालिच्याचे निर्लेखन

गाडीचं सगळं काम झालं होतं, फक्त खालचा गालिचा राहिला होता. हे वाक्य मी दोन महिन्यांत इतक्या लोकांना इतक्या वेळा ऐकवलं, की पुढेपुढे लोक मला लांबून पाहूनच "गालिचा राहिलाय ना फक्त?" असं म्हणत आणि रस्ता ओलांडून पलीकडे जात.

गाडी नानांची. नाना म्हणजे माझे वडील. ही गाडी त्यांनी सव्वीस वर्षं चालवली आणि नंतरची पंधरा वर्षं ती आमच्या इमारतीमागच्या शेडमध्ये ताडपत्री पांघरून पडून होती. नानांना ऐंशी वर्षं पूर्ण होणार होती. त्या दिवशी सकाळी गाडी पहिल्या दिवशी होती तशीच्या तशी त्यांच्यापुढे उभी करायची, असा मी बेत केला होता.

लोकांना यात पितृप्रेम दिसलं आणि मी ते दिसू दिलं. पण खरं सांगायचं तर त्यात स्वार्थच जास्त होता. माझं वय बावन्न आहे, आणि नानांनी आजतागायत मला "छान केलंस" असं एकदाही म्हटलेलं नाही. मी परीक्षेत दुसरा आलो तेव्हा त्यांनी पहिल्याची चौकशी केली. मी घर घेतलं तेव्हा चारही खोल्या पाहून ते म्हणाले, "न्हाणीघराचं दार उलट्या बाजूला उघडतं." लग्न ठरवलं तेव्हा मुलीकडे पाहून मला म्हणाले, "हिला तू पसंत आहेस का, हे विचारलंस का नीट?" या वयात असल्या शाबासकीची हाव माणसाला असू नये. पण आहे, त्याला काय करणार!

बेत नाना आणि आई यांच्यापुरता गुप्त होता. गाडी शेडमधून हलवताना नानांना सांगितलं, की ब्रेकचं काम करायला नेतोय. नाना म्हणाले, "पंधरा वर्षं थांबलेलीच आहे ती. तिला ब्रेक कशाला?" पण पुढे काही विचारलं नाही.

इंजिन, रंग, काचा, दिवे ही सगळी कामं आश्चर्य वाटावं इतकी बिनबोभाट पार पडली. मग गाडी सीट-कव्हरवाल्यांकडे गेली. त्यांना सगळे 'कुशनवाले' म्हणतात. साठीचा माणूस, तोंडात कायम दोन-तीन खिळे, त्यामुळे बोलणं मोजकं. त्यांनी मागची सीट उचकटली आणि खालच्या खाचेतून तळहाताएवढा एक तुकडा चिमट्याने ओढून काढला. खिळे हातात घेतले, म्हणजे काहीतरी महत्त्वाचं बोलायचं होतं.

"साहेब, हा ओरिजिनल. सीटखाली ऊन पोचत नाही, म्हणून रंग टिकला. याच्यासारखं आणा, मी बसवतो. बाजारातलं प्लॅस्टिकचं आणू नका. जुनी गाडी आहे, शोभत नाही."

तुकडा लोकरीचा होता. बारीक बारीक वळ्यांची वीण, आणि रंग... इथेच घोडं अडलं. मला तो विटकरी वाटला. बायको म्हणाली, "विटकरी कुठला? डाळिंबी आहे." मुलीने फोनवर फोटो पाहून चॉकलेटी ठरवला. वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी तो उन्हात धरला, सावलीत धरला, वास घेतला आणि म्हणाले, "याला गंजकाडी म्हणतात. हल्ली मिळत नाही."

या शेजाऱ्यांना आमच्या इमारतीत मागून 'विद्यापीठ' म्हणतात. कुठल्याही विषयात तिथे तत्काळ प्रवेश मिळतो, मात्र बाहेर पडता येत नाही. गंजकाडी नावाचा रंग मी जन्मात ऐकलेला नव्हता, पण विद्यापीठाशी वाद घालायची माझी पात्रता नाही.

तुकडा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मी गालिच्यांच्या दुकानांत जाऊ लागलो. गालिच्याच्या दुकानात आपल्यासारख्या माणसाने कधी जाऊ नये. कापडाच्या दुकानात ठाण उलगडलं तर निदान ते पुन्हा गुंडाळता येतं. इथे दोन माणसं खांद्यावरून ओंडका आणतात, आपल्या पायाशी धाडकन टाकतात, उलगडतात, आणि धापा टाकत आपल्या तोंडाकडे बघत राहतात. पहिल्या दुकानात असे चौदा ओंडके उलगडले.

"कुठल्या खोलीसाठी हवाय?" मालकाने विचारलं.

"खोलीसाठी नाही. गाडीसाठी."

"किती?"

"साधारण... सतरंजीएवढा. पण तुकड्या-तुकड्यांत."

मालकाने त्या दोन माणसांकडे पाहिलं. त्यातला एक घाम पुसत होता. मला इतकी भीड वाटली, की मी दाराशी टांगलेलं एक पायपुसणं घेतलं आणि बाहेर पडलो. दुसऱ्या दुकानातही हेच झालं. तिसऱ्या दुकानात तर मालकाने सरबतही दिलं, त्यामुळे दोन घ्यावी लागली. चार पायपुसणी मांडून बायको म्हणाली, "अहो, आपल्याकडे न्हाणीघर एकच आहे."

मग विद्यापीठाने उपाय सुचवला. कुठलाही फिका गालिचा घ्यायचा आणि चहाच्या पाण्यात बुडवायचा. चहाचा रंग लोकरीला धरतो आणि जुनेपणाही येतो. "माझ्या माहितीतल्या एकाने आख्खा सोफा असा जुना केला," ते म्हणाले. त्या एकाचा पत्ता मी तेव्हाच विचारायला हवा होता. चारांपैकी एक पायपुसणं प्रयोगासाठी घेतलं. बादलीभर चहा उकळला. विद्यापीठ स्वतः खुर्ची टाकून न्हाणीघराच्या दारात बसलं आणि दर पाच मिनिटांनी "अजून नाही" म्हणत राहिलं. दोन तासांनी पायपुसणं काढलं, तर ते होतं तसंच पांढरं होतं. रंग बादलीला मात्र पक्का बसला होता, आणि न्हाणीघराच्या फरशीला, आणि माझ्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत. दुसऱ्या दिवशी ऑफिसात मला तिघांनी कावीळ झाली का म्हणून विचारलं.

ऑफिसचा विषय निघालाच आहे, तर सांगतो. मी एका सरकारी कार्यालयात जडवस्तूंची नोंदवही सांभाळतो. टेबल, खुर्ची, कपाट, पंखा, जे जे हलत नाही आणि खपत नाही, ते सगळं माझ्या वहीत असतं. वस्तू मोडली, सडली, तरी ती वहीतून सहजासहजी जात नाही. तिचं रीतसर निर्लेखन व्हावं लागतं, म्हणजे ती निकामी आहे असं समितीने ठरवून वहीतून काढावी लागते. निर्लेखनाच्या प्रस्तावांत त्रुटी काढणारा माणूस म्हणून माझा विभागात दबदबा आहे. एका पंख्याचं प्रकरण मी सात वर्षं अडवलं होतं, कारण त्याचं एक पातं सापडत नव्हतं.

तर, बादलीच्या घटनेनंतर चार दिवसांनी साहेबांनी मला बैठकीच्या खोलीत बोलावलं आणि कुठल्याशा उशिरा गेलेल्या तक्त्यावरून झापायला सुरुवात केली. साहेबांसमोर मान खाली घालून उभं राहण्याचा मला बावीस वर्षांचा अनुभव आहे. तशी घातली. आणि खाली पाहतो तो काय! बारीक बारीक वळ्यांची वीण. आणि रंग, तुम्ही विटकरी म्हणा, डाळिंबी म्हणा, गंजकाडी म्हणा, पण तोच! ज्या गोष्टीसाठी मी गावभर वणवण केली, तिच्यावर बावीस वर्षं मी चपलेसकट उभा होतो.

मला राहवलं नाही. खिशातला तुकडा ताडून पाहायला मी तिथल्या तिथे गुडघ्यांवर बसलो.

साहेब बोलायचे थांबले. मग दचकून उठले. "अहो, हे काय? उठा, उठा! इतकं मनाला लावून घेऊ नका. तक्ता काय, उद्या गेला तरी चालेल."

मी खालूनच म्हणालो, "साहेब, या गालिच्याचं काहीतरी करायला हवं."

"तेच तर मी नऊ वर्षं म्हणतोय!" साहेब म्हणाले.

आणि मला आठवलं. नऊ वर्षांपूर्वी गालिचा बदलण्याचा प्रस्ताव आला होता. 'सदर गालिचा अद्याप वापरात असल्याने नवीन गालिच्याचे प्रयोजन दिसून येत नाही' असा शेरा मारून तो परत पाठवणारा मीच. शेरा इतका भक्कम होता, की त्यानंतर कोणी ब्र काढला नव्हता. आता तो शेरा खोडून काढणं माझ्याच कपाळी आलं.

मी टिपण लिहायला घेतलं. एखाद्या वस्तूवर आपला जीव जडलेला असताना तिची इतकी नालस्ती करणं सोपं नसतं. 'सदर गालिचा जीर्ण, दुर्गंधीयुक्त व पाहणाऱ्याच्या मनात कार्यालयाविषयी अनादर उत्पन्न करणारा आहे,' असं लिहिलं आणि बैठकीच्या खोलीत जाऊन त्याच्यावरून हळूच हात फिरवून आलो.

नोंदवही उघडली तर नोंद होती: 'गालिचा, तांबडा, अठरा फूट बाय बारा, एक नग.' खोलीतला गालिचा मोजला तर सोळा बाय अकरा भरला. उरलेला कुठे गेला? आणि वस्तू पूर्ण सादर केल्याखेरीज निर्लेखन नाही, हा नियम काटेकोरपणे पाळायची शिस्त कार्यालयाला मीच लावलेली. ज्या माणसाने एका पात्यासाठी पंखा सात वर्षं अडवला, त्याने एवढा गालिचा सोडला असता तर लोकांनी शेण घातलं असतं तोंडात.

मग मी गालिच्याचे अवयव गोळा करायला निघालो. एक पट्टी पिण्याच्या पाण्याच्या पिंपाखाली मिळाली. तिच्यावर शेवाळ होतं. एक तुकडा टंकलेखक बाईंच्या पायाखाली होता. "हिवाळ्यात फरशी गार लागते," त्या म्हणाल्या. "घेऊन जा, पण बदल्यात काहीतरी आणा." त्यांना मी घरून एक पायपुसणं आणून दिलं. पहारेकऱ्याच्या स्टुलावर गादी म्हणून दोन पदर शिवलेले होते. तो म्हणाला, "साहेब, यावर मी अठरा वर्षं बसलोय." त्यालाही एक पायपुसणं गेलं. शेवटचा चौकोन दप्तरखान्यात एका मांजरीकडे होता आणि त्यावर तीन पिल्लं होती. पिल्लांचे डोळे उघडेपर्यंत मला नऊ दिवस थांबावं लागलं. मांजरीलाही एक पायपुसणं दिलं. भिडेपोटी घेतलेली वस्तूही कधीकधी सत्कारणी लागते, ती अशी.

तुकडे जुळवून अठरा बाय बारा भरले आणि प्रकरण समितीपुढे गेलं. समितीत तिघे जण: साहेब, लेखा विभागाचे एक गृहस्थ, आणि शेजारच्या कार्यालयातून बोलावलेल्या एक बाई. गृहस्थांनी माझं टिपण वाचून विचारलं, "हे घ्यायला कोणी तयार होईल का?"

मी गाफील होतो. पटकन म्हणालो, "हो तर!"

"कोण?"

"माझ्या माहितीतला एक माणूस आहे," मी म्हणालो. विद्यापीठाची संगत, दुसरं काय!

गृहस्थांनी चष्मा काढला. "म्हणजे मागणी आहे. मागणी आहे म्हणजे वस्तू उपयोगी आहे. आणि उपयोगी वस्तूचं निर्लेखन करता येत नाही. तुम्हीच हे आम्हाला शिकवलंत."

मी खरोखरच शिकवलं होतं. एका लोखंडी कपाटाच्या वेळी. तेव्हा मला स्वतःच्या बुद्धीचं केवढं कौतुक वाटलं होतं!

आता गालिचा कोणालाही नको आहे हे सिद्ध केल्याशिवाय तो मला मिळणार नव्हता, आणि तो मला हवा होता. जन्मात पहिल्यांदा मला माझ्या टेबलापुढे ताटकळणाऱ्या माणसांचे चेहरे आठवले. तेवढ्यात त्या बाई खुर्चीवरून उठल्या, गालिच्याजवळ गेल्या, वाकल्या, आणि पदर नाकाला लावून परत आल्या. "मांजर आहे का हो इथे?" त्यांनी विचारलं आणि पाणी न पिता सही केली. बाईंची सही झाल्यावर गृहस्थांनीही केली. त्या मांजरीचे उपकार मी विसरणार नाही.

पण निर्लेखित वस्तूंचा लिलाव होतो, आणि त्यात कर्मचाऱ्याला बोली लावता येत नाही. म्हणून मी मेव्हण्याला उभं केलं. गृहस्थांनी "हे तुमचे कोण?" असं विचारलं, तेव्हा मी खरं काय ते सांगितलं. त्यांनी नियमपुस्तिका चाळली आणि म्हणाले, "कर्मचारी, पत्नी, मुलं, आईवडील... मेव्हणा कुठेच नाही. बसू द्या."

मेव्हणा उत्साही माणूस. लिलावाला तो एकटाच आला होता. दुसरं कोणी कशाला येतंय! त्याने पहिली बोली लावली. कोणी काही बोललं नाही, तेव्हा त्याला वाटलं आपली बोली कमी पडली. त्याने वाढवली. पुन्हा शांतता. पुन्हा वाढवली. चौथ्यांदा तोंड उघडणार तोच मी टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला.

"भावोजी, तुमचाच पाय का तो?" तो मोठ्याने म्हणाला. "मी म्हटलं मांजर आहे."

गालिचा आमचा झाला. मात्र तो 'गट क्रमांक तीन' मध्ये होता आणि गट सबंध उचलावा लागतो, ही अट मी स्वतः टंकित करूनही विसरलो होतो. त्या संध्याकाळी आमच्या दाराशी टेम्पो उभा राहिला. त्यातून गालिच्याबरोबर अकरा मोडक्या खुर्च्या, प्रती काढायचं एक हातयंत्र आणि 'परवानगीशिवाय आत येऊ नये' असा एक पत्र्याचा फलक उतरला. सगळी इमारत गॅलऱ्यांत उभी होती. "बदली झाली का हो?" कोणीतरी वरून विचारलं. बायकोने तो फलक उचलला आणि स्वयंपाकघराच्या दारावर लावला. पुढचे चार दिवस मी परवानगी घेऊन पाणी प्यायलो.

गालिचा गच्चीवर धुतला. पहिल्या पाण्यात शाई निघाली, दुसऱ्यात चहा, तिसऱ्यात बहुधा आमच्या कार्यालयाचा इतिहास. आणि मग रंग वर आला. लालभडक! तुकड्याशी काडीचा संबंध नाही. दोन महिने पालथ्या घड्यावर पाणी घातलं, असं म्हणून मी गच्चीच्या कठड्याला टेकून खाली बसलो.

बायको वर आली. माझ्याकडे पाहिलं, गालिच्याकडे पाहिलं. माझ्या खिशातली पिशवी काढून घेतली, तुकडा बादलीत बुडवला, साबण लावून खसाखसा चोळला आणि पिळून गालिच्यावर ठेवला. दोन्ही लालभडक. कुठे तुकडा संपतो आणि कुठे गालिचा सुरू होतो ते कळेना.

"दोन महिन्यांत एकदाही धुतला नव्हता का?" तिने विचारलं.

मी तिला हात जोडले. विनोदाने नाही, मनापासून जोडले. तीस वर्षांच्या संसारात ही बाई कितीदा अशी गच्चीवर आली आहे, याचा मी कधी नीट विचार केलेला नाही.

कुशनवाल्यांनी तीन दिवसांत काम केलं. काय हात होता त्यांचा! शाईचे डाग सीटखाली गेले, शिवण कुठे दिसेना, आणि कुठल्याशा जुन्या साहेबांच्या सिगारेटने पडलेलं भोक होतं, बरोबर त्यातून गिअरचा दांडा वर आला. वाढदिवसाच्या आदल्या दिवशी मी आईला बेत सांगितला आणि तिला गाडी दाखवायला घेऊन गेलो. आईने दार उघडलं, खाली वाकून पाहिलं आणि हसायला लागली.

"अरे, हा कुठून काढलास? आमच्या पहिल्या घरात असंच पायपुसणं होतं."

"आई, हा गाडीचा मूळ गालिचा आहे. म्हणजे तसाच. सीटखाली तुकडा मिळाला होता."

"तोच तर! जॅक खडखड वाजायचा, म्हणून मी पायपुसण्याचा तुकडा कापून कोंबला होता तिथे. या गाडीत गालिचा कधीच नव्हता. काळं रबर होतं साधं." ती डोळे पुसत म्हणाली. हसूनच. मग माझा चेहरा पाहून थांबली. "पण छान दिसतोय हं."

आईचं 'छान' मला जन्मापासून मिळत आलं आहे. त्याची मला कधी वानवा नव्हती. कुशनवाल्यांनी खिळे हातात घेतले आणि तसेच पुन्हा तोंडात ठेवले. मी उद्याचा विचार केला. पहिल्या दिवशी होती तशीच्या तशी! नाना एका नजरेत ओळखणार होते. मी त्याच क्षणी गालिचा उपटून काढणार होतो, पण काळं रबर आणायला वेळ उरला नव्हता, आणि कुशनवाल्यांच्या बोटांना पट्ट्या बांधलेल्या होत्या. मी गाडी तशीच घरी आणली.

सकाळी नाना पांढरा सदरा घालून खाली आले. विद्यापीठ आणि इतर दोन-चार शेजारी जमलेच होते. नानांनी गाडीभोवती पूर्ण फेरी मारली. बॉनेटवर बोट फिरवून पाहिलं. "मागच्या चाकात हवा कमी आहे," म्हणाले. हॉर्न वाजवला. "आवाज बसलाय." मग त्यांनी दार उघडलं आणि खाली पाहिलं.

बराच वेळ पाहत राहिले.

"हे नव्हतं या गाडीत."

"माहीत आहे, नाना. चुकलं माझं."

"काळं रबर होतं."

"हो."

"त्या वेळी दोन प्रकारच्या यायच्या," नाना म्हणाले. माझ्याशी नव्हे, दाराशी बोलल्यासारखे. "एक गालिचावाली आणि एक रबरवाली."

"तुम्हाला गालिचा आवडत नाही ना," आई म्हणाली. "धूळ साठते म्हणून रबरवाली घेतलीत. आयुष्यभर हेच तर सांगत आलात."

"धूळ साठतेच," नाना म्हणाले. मग पुन्हा खाली पाहून म्हणाले, "पण म्हणून कोणी रबर घेतं का? ती झेपली नसती, म्हणून ही घेतली."

आई त्यांच्याकडे पाहतच राहिली. इतक्या वर्षांत हे तिलाही ठाऊक नव्हतं. नानांनी दाराला धरून एकेक करून दोन्ही चपला काढल्या, इमारतीच्या पायरीजवळ सरकवल्या आणि अनवाणी आत बसले. पाय एकदा पुढे सरकवले, एकदा मागे घेतले. विद्यापीठ अंदाज घेत मागचं दार उघडून आत पाय टाकायला गेलं, तसे नाना कडाडले, "चपला बाहेर!"

मग सगळ्यांनीच काढल्या. आईने, बायकोने, विद्यापीठाने, आणि गाडी चालवायची म्हणून मीही. घरासमोर पाच जोड सोडून आम्ही फोटोच्या दुकानाकडे निघालो. नानांचा ऐंशीव्या वाढदिवसाचा फोटो काढायचा होता. वाटेत नाना "दुसरा गिअर टाक", "आरसा बघ" एवढंच बोलले. तो शब्द काही आला नाही, आणि बावन्न वर्षं आला नाही तो आता या वळणावर कशाला येतोय, अशी मी मनाची समजूत घातली.

दुकानापाशी गाडी थांबली तेव्हा आमच्या लक्षात आलं, की पाचांपैकी एकाच्याही पायांत काही नाही. ऊन मी म्हणत होतं. रस्त्यावरून तुरुतुरु पळत आम्ही आत शिरलो. फोटोवाल्याने आमच्या पायांकडे पाहिलं.

"आजोबा, चपला विसरलात?"

"विसरलो नाही," नाना म्हणाले. "गाडीत गालिचा आहे. मुलानं घातलाय."

"अच्छा," फोटोवाला म्हणाला आणि कॅमेऱ्याकडे वळला.

"अच्छा काय? चल, दाखवतो." नानांनी त्याचा दंड धरला आणि त्याला बाहेर रस्त्यावर नेलं. मीही मागोमाग गेलो. "असा गालिचा या गाडीला कंपनीनेसुद्धा दिला नव्हता," नाना त्याला सांगत होते. "ही वीण बघ. शिवण दिसतेय का कुठे? आधी बूट काढ, मग आत बस."

फोटोवाला एका पायावर उभा राहून बूट काढू लागला. नाना बोलत होते. माझे तळपाय नुसते पोळत होते. चार पावलांवर झाडाची सावली होती. पण तिथून नानांचं बोलणं ऐकू आलं नसतं.